स्वतःबद्दल लिहायचंय? बायो राहू द्या, आधी एक प्रसंग लिहा

सोशल मीडियावर आपली काहीतरी ओळख असावी असं वाटायला लागलं की बहुतेक लोक आधी बायो, म्हणजे प्रोफाइलवरची आपली छोटीशी ओळख, बदलायला बसतात. मीपण बसले होते, चांगले दोन तास. स्वप्नाळू, पुस्तकवेडी, भटकी, मध्ये उभ्या रेघा, शेवटी एक हिरवं पान. इन्स्टाग्रामच्या बायोत जेमतेम १५० कॅरेक्टर्स मावतात, त्यात मराठीत काना-मात्रा-वेलांट्यापण वेगळ्या मोजल्या जातात म्हणजे जागा अजूनच कमी, आणि एवढ्याशा जागेत माणूस कुठला बसायला, लेबलंच बसतात. लेबलं तर सगळ्यांची सारखीच. माझा बायो पुसून तिथे दुसऱ्या कुणाचा चिकटवला असता तरी माझ्या सख्ख्या मैत्रिणीला कळलं नसतं.

आता जरा आठवून बघा, ज्यांना तुम्ही फक्त ऑनलाइन ओळखता, कधी भेटला नाहीत, तरी जवळचे वाटतात, त्यांचा बायो आठवतो का? नाही आठवत. आठवतं ते हे की अमक्याने मुलाखतीला जाताना दोन पायांत दोन वेगळे बूट घातले होते, तमकीच्या आजीने मोबाइल शिकल्यावर पहिला मेसेज चुकून बँकेला पाठवला होता. लोकांच्या डोक्यात आपण प्रसंगांनी राहतो. डॅन मॅकॲडम्स म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, ते कित्येक वर्षं हेच मांडतायत, की माणूस स्वतःच्या आयुष्याची जी गोष्ट मनातल्या मनात जुळवत असतो, मागचं पुढचं लावून, तीपण त्याची ओळखच असते, फक्त स्वभावाच्या गुणांची यादी म्हणजे माणूस नाही. पूर्वी ही जुळवाजुळव डायरीत नाहीतर डोक्यात चालायची, आता ती चारशे लोकांसमोर चालते आणि खाली लाइक्स मोजले जातात, एवढाच काय तो फरक. पण हा फरक लहान नाहीये, पुढे सांगते.

प्रसंग शोधायचा कसा

"माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही" हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, आणि तेच माणूस फोनवर पाऊण तास बोलत असतं. तर पहिली युक्ती ही की लिहायला बसूच नका. गेल्या महिन्याभरात कुठली गोष्ट तुम्ही दोन-तीन वेगवेगळ्या लोकांना तोंडी सांगितलीत ते आठवा. कुणी सांगायला लावलं नव्हतं तरी सांगितलीत ना, मग तीच तुमची गोष्ट. ती एखाद्या मैत्रिणीला व्हॉइस नोट करून पाठवा, नंतर स्वतः ऐका. कुठे तुमचा आवाज भरभर होतो, कुठे अडखळता, कुठे तुम्हीच हसता. मैत्रिणीने "मग?" कुठे विचारलं असतं ते ऐकताना कळतंच. मग ती व्हॉइस नोट ऐकत ऐकत जशीच्या तशी टाइप करा, व्हॉइस टायपिंग वापरलं तरी चालेल, मराठी बऱ्यापैकी उमटतं आजकाल, जोडाक्षरांची वाट लागते ती नंतर निस्तरा. असं केलं की तुमची वाक्यं तुमची राहतात. थेट कीबोर्डसमोर बसलं की का कोण जाणे आपण सगळे निरोप समारंभातलं भाषण लिहायला लागतो.

दुसरी जागा म्हणजे गॅलरी. पोस्ट केलेले फोटो नाही, न केलेले. हललेला, कुणाचे तरी डोळे मिटलेले, तरी डिलीट केला नाहीत असा एखादा फोटो असतोच. का ठेवला? त्याचं उत्तर चार ओळींत लिहिलंत की पोस्ट तयार.

एक पोस्ट, दोनदा लिहिलेली

नुसतं सांगून कळत नाही म्हणून माझंच उदाहरण. अडतिसाव्या वर्षी मी पोहायला शिकायला गेले. त्यावर लिहिलेला पहिला ड्राफ्ट असा होता:

"वय हा फक्त एक आकडा आहे! अडतिसाव्या वर्षी मी माझ्या सगळ्यात मोठ्या भीतीवर मात केली. हा प्रवास सोपा नव्हता, पण स्वतःवर विश्वास असेल तर काहीही अशक्य नाही. #नवीसुरुवात"

लाज वाटते आता, पण लिहिलं होतं खरं. यात खोटं काही नाही, फक्त यात मी नाहीये. पोहण्याच्या जागी गाडी चालवणं घाला, गिटार घाला, नोकरी सोडणं घाला, एक शब्द बदलावा लागणार नाही. पोस्ट केला नाही, चार दिवस पडून राहिला, मग दुसऱ्यांदा लिहिलं:

"चौथा दिवस. कडेची दांडी सोडायची होती. मी सोडायचं ठरवत होते आणि बोटं ऐकत नव्हती. शेजारच्या लेनमधून आठेक वर्षांची एक मुलगी गॉगल कपाळावर चढवून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, काकू, डोळे उघडे ठेव, बंद केलेस की जास्त भीती वाटते. मी डोळे बंद केलेत हे मला माहीतच नव्हतं."

बस, एवढंच. पुढे पोहायला आलं का, किती दिवसांत आलं, त्यातून मी काय शिकले, काही नाही लिहिलं. (आणि आयुष्यात पहिल्यांदा काकू ऐकून राग आला नाही, हेही नाही लिहिलं, ते कमेंटमध्ये बहिणीने लिहिलं.) दुसऱ्यात काय बदललं बघा. एक ठरावीक दिवस आला, शरीराचा एक भाग आला, बोटं, आणि माझ्याशिवाय दुसरं एक माणूस आलं आणि ते बोललं. "भीती" हा शब्द दोन्हीकडे आहे, पण पहिल्यात तो मी स्वतःला मेडलसारखा लावून घेतला होता आणि दुसऱ्यात एका पोरीने सहज म्हणून टाकला. तुम्हाला तुमच्या पोस्टमध्ये काहीच करता येत नसेल तर निदान एवढं करा, दुसऱ्या माणसाचं एक वाक्य, जसं बोललं गेलं तसं, घाला. आपोआप हवा बदलते.

आणि सुरुवातीची ओळ. फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं "मोअर"च्या मागे जातं. त्यामुळे "आज खूप दिवसांनी लिहितेय, खरंतर लिहू की नको असा विचार करत होते" यातच ती जागा संपते आणि लोक पुढे सरकतात. "चौथा दिवस" म्हटलं की निदान कसला चौथा दिवस म्हणून तरी बोट थांबतं. लांबीची चिंता मात्र फार करू नका. इन्स्टाग्रामचं कॅप्शन २,२०० कॅरेक्टर्सपर्यंत जातं, लिंक्डइनची पोस्ट ३,००० पर्यंत, ट्विटर २०१७ पर्यंत १४० वर होतं मग २८० झालं, लोकांनी १४० मध्येपण रडवलंय आणि ३,००० मध्येपण झोपवलंय.

शेवटची ओळ खोडा

माझा एकच हट्टी नियम आहे, लिहून झाल्यावर शेवटची ओळ खोडून बघायची. दहातल्या आठ वेळा ती ओळ म्हणजे धडा असते. "यातून मी शिकले की..." वगैरे.

हा धडा येतो कुठून ते समजलं तर खोडायला हात धजतो. तेच मॅकॲडम्स म्हणतात की लोक आपल्या आयुष्याच्या गोष्टी ज्या ठरावीक वळणांनी सांगतात त्यातलं एक वळण म्हणजे वाईट झालं आणि त्यातून चांगलं निघालं. दुसरं उलटं, सगळं छान चाललेलं आणि मग बिघडलं. पहिल्या वळणात स्वतःशी काही गैर नाही, माणसाला त्याचा आधारच होतो. पण सोशल मीडियावर हेच एक वळण चालतं हे सगळ्यांना कळून चुकलंय, म्हणून नोकरी जाऊन आठवडा झालेला नसतो आणि माणूस लिहितो "माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम गोष्ट घडली". अरे थांब ना. अजून हप्ते कसे भरायचे ते ठरलेलं नाहीये. तुम्ही गोष्टीच्या मध्यात असाल तर मध्यात आहे असंच लिहा. "अजून काही कळत नाहीये, रोज सकाळी सवयीने सात वाजता उठते आणि मग आठवतं" एवढी पोस्ट पुरते, आणि खरं सांगायचं तर अशा पोस्टनंतर जे डीएम, म्हणजे खासगी मेसेज, येतात ते बघण्यासारखे असतात, जे लोक कधीच काही बोलत नाहीत ते लिहितात.

समोर कोण बसलंय

यावर जरा थांबते कारण सगळे घोळ इथेच होतात.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने इंटरनेट यायच्या खूप आधी, १९५० च्या दशकातच म्हणून ठेवलंय की आपण रोजच्या जगण्यातसुद्धा नाटकातल्यासारखे वागतो, एक रंगमंच असतो आणि एक विंगेतली जागा. पाहुण्यांसमोर वेगळे, आतल्या खोलीत वेगळे. आणि त्यात ढोंग असतंच असं नाही, ऑफिसातली मी आणि बहिणीसोबतची मी दोन्ही खऱ्याच. आता भानगड अशी आहे की पोस्ट टाकली की ऑफिस, बहीण, शाळेतल्या बाई, चुलत सासरे, सोडून गेलेला मित्र, सगळे एकाच खोलीत बसलेले असतात आणि मला एकाच आवाजात बोलायचं असतं. डॅना बॉइड आणि ॲलिस मार्विक या संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना यालाच कॉन्टेक्स्ट कोलॅप्स म्हटलंय, म्हणजे वेगवेगळे संदर्भ कोसळून एकाच ढिगात पडणं. म्हणूनच आपण सगळ्यांना चालेल असं गुळगुळीत लिहितो, म्हणूनच तो "वय हा फक्त आकडा"वाला ड्राफ्ट निघतो. चुलत सासऱ्यांना चालेल असं दुसरं लिहिणार काय?

यावर उपाय दोन. एक लिहिण्यातला. सगळ्यांसाठी लिहूच नका, एका माणसाला डोळ्यासमोर आणा आणि त्याला सांगताय असं लिहा. मी माझ्या कॉलेजच्या रूममेटला सांगते, जी सोशल मीडियावर नाहीचे. तिला "प्रवास" वगैरे म्हटलं असतं तर तिने उशी फेकून मारली असती, त्यामुळे ते शब्द आपोआप गळतात.

दुसरा उपाय सेटिंग्जमधला आणि तो लोक आळसाने करत नाहीत. इन्स्टाग्रामवर क्लोज फ्रेंड्सची लिस्ट आहे, २०१८ पासून आहे, स्टोरी फक्त तेवढ्यांना दिसते. फेसबुकवर प्रत्येक पोस्टला वेगळे प्रेक्षक निवडता येतात, पब्लिक, फ्रेंड्स, अमुक सोडून फ्रेंड्स. एकदा रविवारी बसून या लिस्ट करा. माझी क्लोज फ्रेंड्सची लिस्ट अकरा जणांची आहे आणि निम्म्या गोष्टी मी तिथेच सांगते, काही तिथून सहा महिन्यांनी बाहेर येतात, काही तिथेच राहतात. फक्त एक लक्षात असू द्या, अकरा जणांकडेपण स्क्रीनशॉट घ्यायचं बटण असतं. जे कुणाच्याही हाती गेलेलं चालणारच नाही ते अकरा जणांनापण नाही, ते फोनवर बोला नाहीतर भेटून बोला.

आणि फोटोंबद्दल एक. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये कधी काढला, लोकेशन चालू असेल तर कुठे काढला हेपण लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी जाते. शिवाय फाइल सोडा, फोटोतच मागे बिल्डिंगची पाटी, मुलाच्या शाळेचा बिल्ला, टेबलावरचं कुरिअरचं पाकीट दिसत असतं. कॅप्शन लिहिण्यात तास घालवता, फोटोचे चार कोपरे बघण्यात दहा सेकंद घालवा.

गोष्ट माझी, पण त्यातलं माणूस?

हे मी चुकून शिकले.

बाबा रिटायर झाले त्यानंतर दोनेक महिने ते रोज सकाळी आठला तयार व्हायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. कुठे जायचं नसायचं. नऊ वाजता उठून शर्ट बदलायचे. मी त्यावर लिहिलं, चांगलं लिहिलं होतं, आजही मला वाटतं की चांगलं लिहिलं होतं, खूप शेअर झालं. बाबा फेसबुकवर नाहीत म्हणून मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फोन करून त्यांना विचारलं, "काय साहेब, बरे आहात ना? वाचलं तुमच्याबद्दल."

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी जास्त नीट सांगितलं असतं." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी तयार होणं बंद झालं. ते आपोआप बंद व्हायचंच होतं का माझ्यामुळे झालं, मला माहीत नाही, विचारायची हिंमत नाही झाली. पोस्ट त्याच रात्री काढली, पण शेअर झालेलं, कॉपी-पेस्ट झालेलं थोडंच निघतं.

तेव्हापासून मी असं करते. लिहिताना दोन प्रश्न, यातला माझा भाग कुठला आणि त्यांचा कुठला. बाबांना बघताना मला काय झालं, मी दार उघडायला का कचरत होते, तो माझा भाग. त्यांनी शर्ट का घातला, तो त्यांचा. माझ्या भागात राहून लिहिता येतं, थोडं अवघड पडतं एवढंच. त्यांच्या भागात शिरायचंच असेल तर विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे "तुमच्यावर लिहू का" असं मोघम नाही, त्याला सगळे हो म्हणतात, लिहिलेला मजकूर दाखवायचा आणि विचारायचं की हे असंच टाकू का. नाही म्हणाले तर नाही. "नाव बदललंय ना मग काय" हे चालत नाही, ओळखणारे खुर्चीवरून ओळखतात.

लहान मुलांचं अजून अवघड आहे कारण ती हो म्हणाली तरी कशाला हो म्हणतायत हे त्यांना कळत नाही. बहुतेक प्लॅटफॉर्म्स १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं अकाउंट काढू देत नाहीत, पण त्याच मुलाची अख्खी ओळख तेरा वर्षांत आई-बाबांनी बांधून ठेवलेली असते, रडतानाच्या व्हिडिओसकट. माझं मत म्हणाल तर मूल मोठं झाल्यावर त्याच्या वर्गातल्या पोरांनी हे बघितलेलं त्याला चालेल का, एवढी एक चाळणी लावा. बरंच काही गळेल.

जखम ओली असेल तर

ब्रेकअप, आजारपण, कुणी गेलं, घरातला त्रास. अशा वेळी लिहावंसं वाटतं आणि लिहायलाच पाहिजे, फक्त लिहिणं आणि पोस्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणी सांगत नाही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये छापलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे, कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं, काहींना किरकोळ विषय दिले आणि काहींना आयुष्यातला सगळ्यात त्रासदायक अनुभव लिहायला सांगितला, घटना आणि वाटलेलं दोन्ही. त्या दोन्हीवर लिहिणाऱ्यांना लिहिताना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. आता यात माझ्या मते महत्त्वाचं काय, तर ते कागद कुणी वर्गात वाचून दाखवले नव्हते. कुणी हार्ट दिलं नव्हतं. कुणी "बी स्ट्राँग" म्हटलं नव्हतं.

तर आधी नोट्समध्ये लिहा, चार दिवस, शिव्यांसकट. पोस्ट करायचं की नाही ते नंतर. माझी कसोटी ही की याच्याखाली येऊ शकेल अशी सगळ्यात घाणेरडी कमेंट मी स्वतःच मनात लिहून बघते. "नाटकं करते", "लक्ष वेधून घ्यायचंय", "दुसरी बाजूपण असेल". ती वाचून आज रात्री झोप लागेल का? लागणार नसेल तर अजून नोट्समध्येच राहू दे.

आणि सगळं सांगायलाच पाहिजे असंही नाही हां. ऑक्टोबर २०१७ मध्ये लैंगिक छळ सोसलेल्या जगभरच्या बायकांनी नुसतं "मी टू" एवढंच लिहिलं होतं, टॅराना बर्क यांनी ते शब्द २००६ पासून वापरात आणले होते, आणि कितीतरी जणींनी त्या दोन शब्दांपुढे एक अक्षर लिहिलं नाही. पुरेसं होतं. तपशील मागणाऱ्याला तपशील द्यायला आपण बांधील नाही. कुणाचं नाव घेऊन आरोप करणार असाल तर मात्र पोस्टच्या आधी वकिलाशी बोला, नंतर नाही.

लोकांनी ठरवलेली तुम्ही

आता तो लाइक्सचा फरक. पोहण्याची पोस्ट चालली, मग मी अजून एक टाकली, मग अजून एक. लोक मला "पोहणारी" म्हणून ओळखायला लागले. लग्नात भेटणारे विचारायचे, काय मग, किती लॅप्स? वाढदिवसाला दोन जणांनी गॉगल दिले. इकडे झालं असं की तीन महिन्यांनी कानाचा त्रास सुरू झाला आणि मी पोहणं सोडलं. सोडलं, पण सांगितलं नाही. जुने फोटो होते त्यातलाच एखादा अधूनमधून टाकायचे. पाच महिने! कुणी पैसे देत नव्हतं, कुणी जबरदस्ती नव्हती, नुसतं त्या पोस्टवरच्या मला मी सोडवेना. एका बाईने डीएम केला की तुमच्यामुळे मी उद्यापासून पोहायला जातेय, तेव्हा मात्र जिवाला लागलं.

म्हणजे होतं काय, आधी आपण गोष्ट सांगतो, मग लोक त्यातल्या एका तुकड्याला टाळ्या वाजवतात, मग आपण तोच तुकडा पुन्हा पुन्हा सांगतो, आणि काही दिवसांनी तो तुकडा आपल्याला सांगायला लागतो की आज काय करायचं. यावर मला सापडलेले उपाय साधे आहेत. लाइक्सचा आकडा लपवून टाका, इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीवर २०२१ पासून तशी सोय आहे, दुसऱ्यांच्या पोस्टवरचापण आणि स्वतःच्यापण. आपल्या पोस्टचा आकडा आपल्याला हवा तर उघडून बघता येतो, पण सारखा डोळ्यात घुसत नाही. मग दर चार-पाच पोस्टनंतर एक अशी टाका जी "तुमच्यासारखी" नाहीये. कमी चालेल, चालू दे. त्याने खिडकी उघडी राहते. आणि बदललात तर सांगून टाका, साध्या एका ओळीत. मी लिहिलं, "पोहणं मार्चमध्येच सुटलं. कानामुळे. फोटो जुने होते." पंधराएक लोक अनफॉलो करून गेले. डीएमवाली बाई मात्र म्हणाली, मी जातेय अजून, तुम्ही कानाचं बघा.

स्टोरीजचा इथे चांगला उपयोग होतो. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये आणल्या, इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये तीच कल्पना उचलली, २४ तासांनी जातं. जे अजून पक्कं नाही, आज असं वाटतंय उद्या कदाचित नाही, ते स्टोरीत टाका. पोस्ट म्हणजे भिंतीवर ठोकलेला खिळा, स्टोरी म्हणजे फळ्यावरचा खडू. हायलाइट्समध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम ठेवलेल्या स्टोरीजमध्ये, मात्र विचार करून ठेवा कारण नवीन आलेलं माणूस बायोनंतर तिथेच टिचकी मारतं.

जुनं साफ करणं वर्षातून एकदा पुरे. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन आपली सगळी माहिती डाउनलोड करून घ्या, फेसबुक-इन्स्टाग्राम दोन्ही देतात, मग काढायचं ते काढा. रागाच्या भरात डिलीट नको, अर्काइव्ह करा, ते फक्त तुम्हाला दिसतं. आणि सगळं बावळट वाटतंय म्हणून पुसू नका, २०१२ मधली मी कवितेखाली तीन तीन टिंबं द्यायचे, राहू दे, तीपण मीच.

बाबांवरची ती पोस्ट मी नव्याने लिहिलीये गेल्या महिन्यात. माझ्या भागातून, दाराच्या अलीकडून. टाकली नाहीये. त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली, दोन दिवस निळ्या टिक्स नुसत्या, उत्तर नाही. काल रात्री मेसेज आला: "ठीक आहे. पण पेन काळं नव्हतं. निळं होतं. आणि मी नऊपर्यंत नाही, साडेनऊपर्यंत बसायचो."

बदलतेय.